मोठ्या प्रकल्पावर हरकत घेताय? नाशिककरांनो, या चुका टाळा

सिंहस्थ कुंभमेळा जवळ आला की नाशिकमध्ये फायलींना पाय फुटतात. एरवी वर्षानुवर्षं कपाटात पडून राहणारा रस्ता महिनाभरात मंजूर होतो आणि हरकतीची मुदत संपता संपता कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहीर सूचनेचं धूसर कात्रण येतं. २०२७ च्या तोंडावर हेच पुन्हा सुरू आहे. मग लोक घाईने अर्ज खरडतात, महापालिकेच्या राजीव गांधी भवनात (शरणपूर रोड) देऊन येतात आणि उत्तराची वाट पाहतात. मुद्दा बरोबर असूनही यातले बरेच अर्ज वाया जातात, कारण ते भलत्याच टेबलावर पडलेले असतात.

सगळं महापालिकाच ठरवते, असं धरून चालणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. महापालिका प्रत्येक फायलीत वेगळ्या खुर्चीत बसलेली असते. विकास आराखड्यातलं एखादं आरक्षण, म्हणजे ती जागा कशासाठी राखली आहे ते, बदलायचं असेल, तर १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ प्रमाणे नगरसेवकांच्या महासभेचा ठराव होतो, सूचना निघते, महिनाभर हरकती घेतात, सुनावणी होते आणि शेवटची मंजुरी शासन देतं. इथे महापालिका प्रस्ताव मांडणारी असते.

घाईच्या प्रकल्पात मात्र अनेकदा कलम ३७(१कक) वापरलं जातं. तातडीचा फेरबदल सार्वजनिक हिताचा आहे असं वाटलं, तर शासन स्वतःच राजपत्रात सूचना काढतं. हरकती त्या सूचनेत नाव दिलेल्या अधिकाऱ्याकडे जातात, बहुधा नगररचना सहसंचालकांकडे. महापालिकेचं फक्त म्हणणं मागवलं जातं. तुम्ही शरणपूर रोडला दिलेला अर्ज तिथून पुढे पोहोचेलच, याची खात्री कोण देणार? म्हणून सूचनेच्या खाली कोणाची सही आहे आणि हरकती कोणाकडे मागवल्या आहेत, हे आधी वाचा. मजकूर नंतर.

सातपूर-अंबडच्या औद्योगिक क्षेत्रात नियोजन प्राधिकरण एमआयडीसी आहे, शहराच्या हद्दीबाहेर एनएमआरडीए, म्हणजे नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. सिंहस्थासाठी २०२५ मध्ये स्वतंत्र कुंभमेळा प्राधिकरणही आलं. त्यामुळे एकाच रस्त्याचे दोन तुकडे दोन कार्यालयांत असू शकतात.

महापालिका स्वतःच अर्जदार आहे, हे न पाहणं

तपोवनात हेच झालं. कुंभात साधूंच्या मुक्कामासाठी उभारायच्या साधुग्रामासाठी सुमारे १८०० झाडांबाबत नोव्हेंबर २०२५ मध्ये महापालिकेनेच नोटीस काढली. झाडं हटवायची गरज महापालिकेची, निर्णय वृक्ष प्राधिकरणाचा आणि त्या प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्त! लोक रस्त्यावर उतरले, प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेलं आणि तोडीला तात्पुरती स्थगिती मिळाली. अशा फायलीत ‘महापालिकेने झाडं वाचवावीत’ अशी विनंती लिहून काही हाती लागत नाही. झाडं न तोडता मंडप का बसत नाहीत, दुसरी जागा तपासली का, तपासली असेल तर अहवाल कुठे आहे, असे प्रश्न विचारा. उत्तर लेखी मागा, तेच पुढे कोर्टात कामी येतं.

छापील नमुना आणि शंभर सह्या

एकच मजकूर असलेल्या दोनशे हरकती सुनावणीत एकत्र बांधल्या जातात आणि एका ओळीत निकाली निघतात. त्यापेक्षा वेगवेगळ्या मुद्द्यांच्या पाच हरकती भारी. ‘पर्यावरणाचा ऱ्हास होईल’ हे वाक्य तर सरळ काढून टाका. त्याऐवजी झाडाच्या खोडावर रंगवलेला क्रमांक, जात, घेर, अंदाजे वय लिहा. राज्याच्या वृक्ष संरक्षण कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षं किंवा त्याहून जुनं झाड हेरिटेज वृक्ष ठरतं, म्हणजे वयाचा उल्लेख नुसता भावनिक नाही. गोदाकाठचं काम असेल तर पुराचं पाणी कुठवर येतं ते दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा जोडा. सूचनेचा क्रमांक व तारीख, सर्व्हे नंबर, तुमचा त्या जागेशी संबंध आणि शेवटी ‘मला समक्ष सुनावणी हवी आहे’ हे वाक्य कधीही गाळू नका.

मुदत ‘महिनाभर असेलच’ म्हणणं

वृक्षतोडीच्या नोटिशीला सात दिवस. राष्ट्रीय महामार्गाच्या भूसंपादनाला २१. २०१३ च्या भूसंपादन कायद्याखाली ६०. आराखड्यातल्या फेरबदलाला एक महिना.

आणि जनसुनावणीची वाट पाहू नका. २०,००० चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या बांधकामाला केंद्राच्या २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण मंजुरी लागते खरी, पण बांधकाम आणि टाउनशिपच्या प्रकल्पांना जनसुनावणीतून सूट आहे. वाट पाहणारा पाहत बसतो आणि मंजुरी वेबसाइटवर चढते.

नगरसेवकाला उशिरा गाठणं

महासभेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि नंतर बराच काळ प्रशासकच ठराव करत होते. नगरसेवकाला विचारायची सवय तेव्हा मोडली, ती मोडलेलीच राहू देऊ नका. मखमलाबाद-हनुमानवाडीच्या नगररचना योजनेसारख्या प्रकरणात योजना करण्याचा इरादा जाहीर करायला सभागृहाचा ठराव लागतो, तेव्हा नगरसेवकाच्या मताला खरंच वजन असतं. सभेची विषयपत्रिका आदल्या दिवशी मागून घ्या आणि ऐनवेळी जोडलेले ‘जादा विषय’ नीट पाहा. वादाचे प्रस्ताव तिथेच दडलेले असतात. विरोध नोंदवला असेल तर इतिवृत्तात तो आलाय का, हेही तपासा. भाषण गाजलं आणि कागदावर ‘सर्वानुमते मंजूर’, असं व्हायला नको.

अडलंच तर

पोच मिळत नसेल तर काउंटरवर वाद घालू नका. तोच अर्ज स्पीड पोस्टने आणि ईमेलने पाठवा, पावती जपा. सुनावणीची तारीख कळवली नाही, तर त्याच आठवड्यात लेखी विचारा. पुढे ‘मला संधी मिळाली नाही’ म्हणायला तो कागद लागतो. निर्णय झाल्यावर माहिती अधिकारात नकला मागण्याआधी फायलीची पाहणी मागा. टिपणीवर कोणत्या विभागाने काय शेरा मारला, हे समोर बसून वाचलं की नेमकं कोणतं पान हवं ते कळतं. पण उत्तराला ३० दिवस लागू शकतात आणि पर्यावरण मंजुरीविरुद्ध पुण्याच्या हरित लवादाकडे अपिलाची मुदतही ३० दिवसच आहे. विलंब माफ झाला तरी आणखी फार तर ६०. म्हणून वकील आणि माहिती अधिकाराचा अर्ज, दोन्ही एकाच दिवशी.