गाळातले परागकण वाचायचे तर आधी गाळ निवडायला शिका

ज्वारी निसवून फुलोऱ्यात आली की मोहोळच्या आमच्या रानातून सकाळी शाळेला जाताना ओढणीवर पिवळी पूड बसायची. ती पूड म्हणजे परागकण. त्यातले बहुतेक मातीत कुजून जातात. पण एखादा कण पाण्यावर पडला, तळाच्या चिखलात रुतला आणि तिथे हवा पोचली नाही, तर त्याचं कवच हजारो वर्षं टिकतं. स्पोरोपोलेनिन नावाच्या पदार्थाचं हे कवच बहुतेक आम्लांना दाद देत नाही. त्यावरची छिद्रं, काटे, जाळी पाहून वनस्पतीचं कुळ ओळखता येतं. कोणत्या थरात कोणती झाडंझुडपं होती हे कळलं, की त्या काळच्या पाऊसमानाचा अंदाज बांधता येतो. १९१६ साली स्वीडनच्या लेनार्ट फॉन पोस्ट यांनी परागकणांच्या टक्केवारीचे आलेख मांडले. आजही कामाचा गाभा तोच आहे.

मी सोलापुरात वनस्पतिशास्त्र शिकवते. दरवर्षी दोन-तीन मुलं प्रकल्पासाठी हा विषय मागतात आणि पहिल्याच आठवड्यात घरच्या रानातली माती पिशवीत घालून आणतात. त्यांचा उत्साह मला फार आवडतो, पण ती माती मी परत पाठवते. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की कोपरापर्यंत हात आत जावा. यंदाचे परागकण त्या भेगेतून तळाशी जातात, पावसाळ्यात माती फुगून सगळं मिसळून जातं. त्यात ती अल्कधर्मी. दरवर्षी भिजते, दरवर्षी वाळते, त्यामुळे कवचंही झिजतात. अशा मातीत खोलीवरून काळ सांगता येत नाही.

गाळ हवा तो बारमाही पाण्याखालचा. सरावासाठी मी सोलापूरजवळचा हिप्परग्याचा तलाव सांगते. तो १८७१ चा, म्हणजे तळ्याचा गाळ फार तर दीडशेच्या आसपास वर्षांचा. हजारो वर्षांपूर्वीचं हवामान तिथे मिळणार नाही. पण या दीडशे वर्षांतल्या पावसाच्या नोंदी, दुष्काळाची सालं आपल्याला माहीत आहेत, त्यामुळे आपलं वाचन बरोबर की चूक हे पडताळता येतं. पाटबंधारे खात्याची परवानगी घ्या आणि मग काठावरच्या शेतकऱ्यांशी बोला. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजना २०१७ मध्ये आल्यापासून अनेक तलावांतला गाळ जेसीबीने उपसून रानात गेला आहे. कुठे उपसा झाला, दुष्काळात पाणी कुठवर मागे हटलं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. या दोन्ही जागा टाळायच्या.

दोन मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप घ्या, खालची कड कानशीने धारदार करा. होडीतून किंवा तराफ्यावरून तो सरळ चिखलात दाबायचा. एकट्याने करू नका, पोहता येणारं माणूस बरोबर हवंच. वरचं तोंड घट्ट झाकलं की आत ओढ तयार होते आणि गाळ खाली न सांडता वर येतो. दोन्ही टोकं बंद करून ‘वर’ कुठलं ते लगेच लिहा. हे काठावर पोचल्यावर लिहू म्हणाल तर विसराल. आमचा एक अख्खा दिवस असाच वाया गेला. पाइप उभा चिरला की काळपट, गुळगुळीत गाळाला सडक्या अंड्याचा वास येतो. त्या वासाने मला आनंद होतो, कारण आत प्राणवायू नव्हता याची ती खूण. तांबूस पट्टा दिसला तर तिथे गाळ उघडा पडून वाळला असण्याची शक्यता आहे. तसं वहीत लिहा. नमुना उन्हात वाळवू नका, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ४ अंशांवर फ्रीजमध्ये ठेवा.

टोक कापलेल्या सिरिंजने ठरावीक अंतरावर एकेक घन सेंटिमीटर गाळ काढायचा. त्यात संख्या माहीत असलेल्या लायकोपोडियम (नेच्यासारखी एक बिनफुलांची वनस्पती) बीजाणूंची एक गोळी घालायची. समजा गोळीत १०,००० बीजाणू आहेत आणि मोजणीत १०० बीजाणूंबरोबर २०० परागकण दिसले, तर त्या एका घन सेंटिमीटरमध्ये सुमारे २०,००० परागकण होते. पुढे चुन्यासाठी हायड्रोक्लोरिक आम्ल, कुजकटासाठी गरम पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मग चाळणी. वाळूचे कण काढायला हायड्रोफ्लुओरिक आम्ल वापरतात. ते कातडीतून आत शिरून हाडापर्यंत जातं. योग्य धूरकोष (फ्यूम हुड) आणि अनुभवी माणूस नसेल तर त्याचं नावही काढू नका, जड द्रवात कण तरंगवून वेगळे करा. शेवटी ॲसिटोलिसिस, म्हणजे कणातला बाकीचा भाग आम्लात विरघळवून कवच स्वच्छ करणं. त्याच्या मिश्रणात नऊ भाग ॲसेटिक अनहायड्राइड आणि एक भाग सल्फ्युरिक आम्ल असतं. पाण्याशी त्याचा भडका उडतो, म्हणून आधी ग्लेशियल ॲसेटिक आम्लाने नमुन्यातलं पाणी काढायचंच.

जानेवारीतल्या, सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेआधीच्या महिन्या-दीड महिन्यात खिडक्या बंद ठेवा. आजूबाजूची मालदांडी ज्वारी तेव्हा फुलोऱ्यात असते, आणि ज्वारीही गवतकुळातलीच. पंख्याखाली उघड्या राहिलेल्या एका नळीत मला गवतकुळाचे कण इतके दिसले की मी दोन दिवस हरखून गेले होते. ते त्याच आठवड्यातले निघाले.

गाळ हातात घेण्याआधी वर्षभर आजचे परागकण शिका. फुलं गोळा करून स्वतःची स्लाइडपेटी बनवा. बाभळीचा कण एकदा पाहिलात की विसरणार नाही: सोळा कणांचा घट्ट गुच्छ, लहानशा चेंडूसारखा. गवताचा कण गोल, त्याला एकच छिद्र आणि छिद्राभोवती कडं. चाकवत-माठाच्या कणाला सगळीकडून छिद्रं. सूर्यफुलाला लांब काटे, गाजरगवताला आखूड. तळ्याच्या वरच्या ताज्या गाळाचीही मोजणी करा आणि भोवतालच्या झाडांशी ताडून बघा. बाभूळ, लिंब किड्यांवर अवलंबून, त्यांचे कण कमीच मिळतात. गवत वाऱ्यावर पराग सोडतं म्हणून ते भरमसाट मिळतं. काठाला बाभळीची दाट राई असूनही गाळात तिचे मोजकेच गुच्छ सापडतात, हे मुलांनी स्वतः मोजून पाहावं असा माझा आग्रह असतो. प्रत्येक थरात निदान ३०० कण मोजा.

काळ ठरवायला अशा तरुण गाळात शिसे-२१० हे किरणोत्सारी शिसे वापरतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे २२ वर्षं. जुन्या गाळाला कार्बन-१४. आपल्याकडे एक फुकटची खूणही आहे. गाजरगवत पुण्यात दिसल्याची नोंद १९५० च्या दशकातली. त्याचे कण ज्या थरापासून वर भरपूर आहेत तो थर त्यानंतरचा. फक्त लांडग्याच्या, ज्याची बोंडं धोतराला चिकटतात त्या झुडपाच्या, कणाशी घोटाळा करू नका.

अर्थ लावताना घाई नको. टक्केवारीत गवत वाढलं की बाकी सगळं आपोआप कमी दिसतं, म्हणून लायकोपोडियमवरून काढलेली प्रत्यक्ष संख्याही शेजारी मांडा. चाकवत-माठाचे कण वाढले म्हणजे दुष्काळच असं नाही. ती शेतातली तणंही आहेत. पाणकणीस आणि लव्हाळा वाढला तर काठ आत सरकला असावा. पराग एकटा साक्षीदार पुरत नाही. लोणारच्या विवरातल्या गाळाने सुमारे ११,००० वर्षांचा इतिहास दिला आहे. तिथे सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वीचा दीर्घ कोरडा काळ ठरवताना गेलुसाइटच्या स्फटिकांचा मोठा आधार मिळाला, कारण ते पाणी आटून खूप खारं झालं की बनतात. आपल्या गाळातही कणांचा आकार, सेंद्रिय अंश, शिंपल्यांचे तुकडे तपासा.

उभ्या चिरलेल्या पाइपचा एक अर्धा भाग मात्र नमुने न काढता जपून ठेवा. पुढच्या वर्षीचा विद्यार्थी तुमची मोजणी पुन्हा करून पाहील.