मॅरेथॉन झाली, आता जिने उतरायचेत: या चुका टाळा

शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी साताऱ्यात कोण कोण धावून आलंय हे विचारावं लागत नाही. ऑफिसच्या जिन्यावरून जो माणूस कठडा धरून, अंग तिरपं करून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पावलं टेकवत उतरतो, तो धावलेला. तोच सकाळी वर चढताना मात्र बऱ्यापैकी नीट चढलेला असतो. शर्यतीनंतरच्या आठवड्यातल्या निम्म्या चुका हे लक्षात न आल्यामुळे होतात.

आपल्याकडे धावणाऱ्यांचे हंगाम दोन. पावसाळा सरता सरता, साधारण सप्टेंबरात, सातारा हिल हाफ मॅरेथॉन. 21.1 किलोमीटर, समर्थ मंदिर ओलांडून यवतेश्वरचा घाट चढायचा आणि त्याच वाटेने खाली यायचं. दुसरा हंगाम जानेवारीत, मुंबईची पूर्ण, 42.195 किलोमीटर. तयारी कशी करायची हे सांगणारे गावात ढीगभर आहेत. मेडल गळ्यात पडल्यावर सोमवारपासून दूध आणायला कसं जायचं, हे मात्र कुणी सांगत नाही.

चूक पहिली, आणि सगळ्यात मोठी: वर रिक्षाने जाणं, खाली चालत येणं

घाट चढताना छाती फुटते, म्हणून आपल्याला वाटतं त्रास चढाने दिला. दम तेवढा चढाने काढलेला असतो, मांड्या मोडतात त्या परतीच्या उतारावर. उतरताना प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ब्रेक लावतो. म्हणजे तो ताणला जात असतो आणि त्याच वेळी आवळूनही धरायला बघतो. अशा कामात स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. दुखणं लगेच येत नाही, बारा ते चोवीस तासांनी सुरू होतं आणि साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिखर गाठतं. म्हणून रविवारी संध्याकाळी 'मला काहीच झालं नाही' म्हणणारा मंगळवारी पलंगाच्या कडेवर बसून विचार करत असतो. याचं खापर लॅक्टिक ॲसिडवर फोडायची जुनी सवय आहे. ते बिचारं शर्यत संपल्यावर तासा-दीड तासात रक्तातून निघूनही गेलेलं असतं.

आता आपलं गाव बघा. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला उतरणीवर वसलेलं. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे जाताना चढ, परत येताना उतार. वरच्या रस्त्यावरून खालच्या रस्त्यावर यायचं तर मधल्या बोळांचा उतार त्याहून तीव्र. एरवी सगळे काय करतात? वर जाताना रिक्षा, आणि 'आता उतारच आहे' म्हणून खाली चालत. शर्यतीनंतरचे चार दिवस हे बरोबर उलटं करा. राजवाड्यापर्यंत सावकाश चालत जा. चढताना स्नायू आखडत काम करतो, त्याला ते झेपतं, रक्त खेळतं, पाय मोकळे होतात. चौपाटीवर काय खायचं ते खा. आणि खाली येताना निमूट रिक्षात बसा. टेकडीवरच्या ‘चार भिंती’ स्मारकापाशी संध्याकाळची हवा खायला जायचं असेल तरी हेच. वरून आणायला कुणीतरी गाडी घेऊन येईल अशी सोय असेल तरच वर चढा.

जिना टाळता येत नसेल तर कठडा धरून आडवं उतरा. घरचा, ओळखीचा जिना असेल तर चक्क उलटं उतरा, तोंड पायऱ्यांकडे करून. शेजारी हसतील, पण मांडीला तेवढा जोराचा ब्रेक लावावा लागत नाही. अनोळखी किंवा ओल्या जिन्यावर हा प्रयोग नको.

पाहुण्यांना त्याच दिवशी कास दाखवणं

हिल हाफला पुण्या-मुंबईहून मंडळी येतात, आणि नेमका तेव्हाच कासच्या फुलांचा हंगाम सुरू होत असतो. पठार 2012 साली जागतिक वारसा यादीत गेलं, तेव्हापासून पाहुण्यांची यादी काही संपत नाही. साहजिकच बेत ठरतो: सकाळी धावू, दुपारी कास, मग ठोसेघर.

यात अडचण अंतराची नाही. कास साताऱ्यापासून पंचवीसेक किलोमीटर, गाडीत बसून जायचं. अडचण आहे ती गाडी लावल्यावर. रविवारची गर्दी, रांगेत उभं राहणं, मग ओल्या जांभ्या दगडावर जपून पावलं टाकणं. दमलेला स्नायू घसरताना सावरायला उशीर करतो. सकाळच्या घाटात घोटा शाबूत राहिला आणि संध्याकाळी सोनकीचा फोटो काढताना मुरगळला, असं व्हायला वेळ लागत नाही. ठोसेघरला तर धबधबा दिसायलाच पायऱ्या उतराव्या लागतात, आणि सज्जनगडाच्या पायऱ्या येताना सगळ्याच उताराच्या. ही तिन्ही ठिकाणं पुढच्या शनिवार-रविवारी ठेवा. पाहुण्यांना थांबता येत नसेल तर त्यांना गाडी आणि रस्ता द्या, तुम्ही घरी थांबा. त्याऐवजी संगम माहुलीला घाटाच्या वरच बसून कृष्णा-वेण्णेचं पाणी बघणं जमतं. फक्त 'जरा पाण्यात पाय बुडवू' म्हणून घाटाच्या पायऱ्या उतरू नका.

आणि गणपती आसपास असतील तर आणखी एक. पथकात असाल तर त्या आठवड्यात ढोल कमरेला बांधू नका, ताशाही नको. टोल धरा किंवा नुसतं पाणीवाटप करा. मंडळाचं रक्तदान शिबिर असेल तर या खेपेला नाव मागे घ्या. अंगातलं पाणी अजून भरून निघालेलं नसतं, रक्त देऊन उठताना चक्कर येऊ शकते. पुढच्या शिबिराला जा, कुणी नाव ठेवत नाही.

गाडीचा स्टँड, पंगत आणि इतर छोट्या फजित्या

स्कूटर डबल स्टँडवर चढवणं ही तिसऱ्या दिवसापर्यंत न करायची गोष्ट. त्यात पोटरी आणि कंबर दोन्ही एकदम ओढली जाते आणि गोळा येतो. साइड स्टँड पुरे. गिअरची मोटरसायकल असेल तर मागचा ब्रेक उजव्या पायाने दाबावा लागतो, हे लक्षात असू द्या. पोवई नाक्याच्या गर्दीत नेमका त्याच वेळी गोळा आला तर पाय ब्रेकवर दाबता येत नाही. पहिले दोन दिवस मागे बसा. त्यातही एक बाजूला दोन्ही पाय सोडून बसण्यापेक्षा सावकाश टांग टाकून बसलेलं बरं, चढताना फुटपाथच्या उंचीचा आधार घ्या.

महाप्रसादाच्या पंगतीत मांडी घालून बसाल, जेवण होईपर्यंत काही कळणारही नाही, आणि उठताना शेजारच्या दोघांना हात द्यावा लागेल. खुर्ची मागा. यजमानांना कारण सांगितलं की ते उलट आग्रहाने एक जिलबी जास्त वाढतात. घरात फक्त देशी संडास असेल तर आत शिरण्याआधी पकडायला काय आहे ते बघून ठेवा, नसेल तर दाराची कडी बाहेरून उघडेल अशी सोय ठेवा. हसू नका. मंगळवारी पटेल.

काळं पडलेलं नख घरी सुईने फोडायचं नाही, ओढून काढायचं तर नाहीच. ते आपोआप सुटतं आणि खालून नवीन येतं. नखाखाली ठणका असह्य झाला तर डॉक्टरकडे.

दुखतंय म्हणून गोळी, घाम गेला म्हणून पाणीच पाणी

शर्यत संपल्या संपल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी घेणं ही सर्रास दिसणारी चूक. या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तपुरवठा कमी करतात. घामाने अंगातलं पाणी गेलेलं असताना आणि मोडलेल्या स्नायूंचा कचरा मूत्रपिंडाला गाळायचा असताना त्यावर आणखी ओझं कशाला? आधी खाणं, पिणं, नीट लघवी होणं. मग फारच दुखत असेल तर साधी पॅरासिटामॉल, तीही दिलेल्या मात्रेतच. मधुमेह, रक्तदाब किंवा किडनीचा त्रास असलेल्यांनी हे शर्यतीआधीच आपल्या डॉक्टरांशी बोलून ठेवावं.

पाण्याचं उलटंही होतं. लिटरवर लिटर साधं पाणी ढोसलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. डोकं दुखतं, मळमळतं, माणूस असंबद्ध बोलायला लागतो, आणि बघणारे 'उन्हाने झालं, अजून पाणी द्या' म्हणतात. तहान लागेल तेवढंच प्या. मीठ घातलेलं ताक किंवा लिंबू सरबत साध्या पाण्यापेक्षा बरं. असंबद्ध बोलणं किंवा उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय थांबवा आणि दवाखाना गाठा.

लघवीचा रंग दोन दिवस बघत राहा. गडद पिवळा म्हणजे पाणी कमी पडतंय. काळ्या चहासारखा तपकिरी झाला, बरोबर अंग सुजलं किंवा पाय उचलवेनासे झाले, तर त्याच तासाला हॉस्पिटल. स्नायूंचा चुरा मोठ्या प्रमाणात रक्तात उतरल्याची ती खूण असते.

लगेच मालीश, लगेच तपासणी

तालमींच्या गावात मालीशवाल्याची कमी नाही, आणि 'चांगलं रगडून काढ' ही आपली आवडती सूचना. पहिले दोन दिवस ती गिळा. इजा झालेल्या स्नायूवर कोपर रोवून काही साधत नाही. हलक्या हाताने तेल चोळलं, कोमट पाण्याने अंघोळ केली तर बरं वाटतं, तेवढंच त्याचं काम. जोरकस मालीश तिसऱ्या-चौथ्या दिवसानंतर.

दुसरी चूक फारशी कुणाच्या ध्यानात येत नाही. कंपनीची वार्षिक आरोग्य तपासणी नेमकी त्या आठवड्यात येते आणि आपण रक्त देऊन मोकळे होतो. रिपोर्टमध्ये एसजीओटी हे एन्झाइम वाढलेलं, स्नायूंतलं सीपीके तर भलतंच वाढलेलं. घरात रडारड, लिव्हर गेलं म्हणून. एसजीओटी यकृतात असतं तसं स्नायूतही असतं, आणि लांब धावल्यावर दोन्ही आकडे काही दिवस वर राहतात. तपासणी दोन आठवडे पुढे ढकला. ढकलता येत नसेल तर डॉक्टरांना आधीच सांगा की मी रविवारी धावलोय.

कंदी पेढ्यावर भागवणं

कंदी पेढा खा, हरकत नाही. संपलेला साखरेचा साठा भरायला तो मदतच करतो. पण तेवढ्यावर दिवस काढू नका. स्नायू दुरुस्त व्हायला प्रथिनं लागतात आणि ती दिवसभरात विभागून लागतात. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी पावडरचे डबे विकत आणायची गरज नाही. कोरेगावच्या वाघ्या घेवड्याची आमटी आणि भात, नाहीतर कऱ्हाडकडचा अख्खा मसूर आणि भाकरी, रात्री कपभर दूध. अंडी-मटण खाणाऱ्यांना सांगायला नकोच. फक्त रविवारी दुपारी तांबडा रस्सा ओरपू नका. चार तास हादरलेलं पोट तिखटाला उत्तर देतं, आणि ते उत्तर देशी संडासात द्यावं लागतं.

मुंबई धावून त्याच दुपारी एसटीत बसणं

सीएसएमटीपाशी शर्यत संपते, हॉटेलचं दुपारी चेकआउट, आणि सोमवारी ड्युटी. म्हणून मंडळी त्याच दुपारी गाडी धरतात. रविवारी संध्याकाळी एक्स्प्रेसवे, पुणे आणि पुढे खंबाटकी धरून सहा-सात तास सहज जातात. अंगातलं पाणी कमी, पाय घडी करून बसलेले, आणि शर्यतीची इजा. पोटरीच्या शिरेत रक्त साकळायला हे सगळं पोषक. जमलं तर रात्रीचा मुक्काम करा. नाहीच जमलं तर मधल्या वाटेकडची सीट घ्या, अर्ध्या-अर्ध्या तासाने टाचा-चवडे वरखाली करा आणि गाडी थांबेल तिथे उतरून चाला. थांबा चुकवून झोपू नका, झोप घरी आहेच.

पुढच्या काही दिवसांत एकाच पोटरीला सूज, गरमपणा, दाबल्यावर दुखणं असेल तर ते नेहमीचं अंगदुखणं नाही. नेहमीचं दुखणं दोन्ही पायांत असतं आणि रोज थोडं कमी होत जातं. एकाच पायाचं, वाढत जाणारं दुखणं दाखवून घ्या. त्यासोबत छातीत दुखलं किंवा धाप लागली तर रात्र-बेरात्र बघू नका. तसंच नडगीवर किंवा पावलाच्या हाडावर बोट ठेवून 'इथेच दुखतंय' असं सांगता येत असेल तर हाडाला चीर असू शकते. ते चालून मोकळं होणार नाही.

चौथ्या दिवशी बूट बांधणं, आणि पुढच्या शर्यतीचा फॉर्म

महिनोन् महिने पहाटे उठायची सवय लागलेली असते. शर्यत होते आणि एकदम काही करायचंच उरत नाही. चिडचिड होते, उदास वाटतं, फोनवर पुढच्या शर्यतीचा फॉर्म उघडला जातो. आपला जिल्हा ललिता बाबर यांचा, माण तालुक्याच्या उन्हात घडून रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस फायनलपर्यंत गेलेल्या, त्यामुळे उत्साहाला इथे लगेच खतपाणी मिळतं. फॉर्म आठवडाभर भरू नका. पहाटेची वेळ हातची घालवायची नसेल तर त्या वेळेला चाला.

हाफनंतर पहिले चार-पाच दिवस नुसतं चालणं, मग हलकं धावणं; पूर्ण मॅरेथॉननंतर आठवडा तरी धावणं बंद आणि जोराचा सराव तीन आठवड्यांनी. परीक्षा सोपी आहे: घरचा जिना कठडा न धरता, समोर तोंड करून, सरळ उतरता आला की धावा. पहिल्या दिवशी घाटाकडे वळू नका. शाहू स्टेडियमवर सपाटीवर वीस मिनिटं, बोलता येईल एवढ्या चालीने. सदर बझारच्या बाजूलाही सपाट रस्ते आहेत, पहाटे गर्दी नसते. कुत्री मात्र असतात, आणि त्यांच्यापुढे पळायची वेळ आली तर मांड्या अजून किती दुखतायत ते लगेच कळतं. यवतेश्वर दोन-तीन आठवड्यांनी चढा, आणि तेव्हाही खाली उतरताना धावू नका, चालत या.