मराठी भाषांतर गटाची घडी पुन्हा बसवताना

मुक्त सॉफ्टवेअर मराठीत आणणाऱ्या गटांचं काम बहुतेक वेळा एकाच ढिगात पडून अडतं. कोणती फाइल कुणाकडे आहे ते ठाऊक नसतं, आणि एकच बटण एका खिडकीत ‘जतन करा’, दुसरीत ‘साठवा’, तिसरीत ‘सेव्ह करा’ असं दिसतं. घडी बसवायची तर आधी दोन आठवडे नवं भाषांतर पूर्ण थांबवा.

त्या काळात पीओ फाइलींमधल्या (मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याचं भाषांतर जोडीनं ठेवणाऱ्या फाइलींमधल्या) ‘फझी’, म्हणजे अंदाजे जुळवलेल्या, ओळी निपटा. मूळ इंग्रजी वाक्य थोडं बदललं की एमएसजीमर्ज हे फाइली अद्ययावत करणारं साधन जुनं मराठी त्यालाच चिकटवतं आणि वर फझीची खूण ठेवतं. पीओ फाइल प्रोग्रामला वाचता येईल अशा रूपात आणणारं एमएसजीएफएमटी हे साधन अशा ओळी वगळतं, म्हणून भाषांतर असूनही पडद्यावर इंग्रजीच येतं. खूण काढण्याआधी ओळ वाचाच. ‘ही फाइल हटवायची?’ या जुन्या मराठीवरचं इंग्रजी आता ‘सर्व फाइली हटवायच्या?’ असं झालेलं असू शकतं. न वाचता खूण काढली, तर एक फाइल जाईल असं समजून माणूस सगळ्या घालवून बसेल. एमएसजीमर्ज ‘प्रीव्हियस’ हा पर्याय लावून चालवलं, तर जुनं इंग्रजी वाक्यही शेजारी दिसतं आणि फरक लगेच कळतो.

मग शब्दसूची. शंभर-दीडशे शब्द पुरतात. रकाने पाच: इंग्रजी शब्द, नाम की क्रियापद, मराठी, कन्नड, शेरा. कन्नडचा रकाना हे सीमाभागाचं खास बळ आहे. खानापूर-निपाणीकडची बरीच मुलं दोन्ही लिप्या सहज वाचतात. सुटं ‘ओपन’ समोर आलं की ‘उघडा’ म्हणायचं की ‘उघडलेली’, हे इंग्रजीवरून कळत नाही. कन्नड फाइलीत ‘तेरे’ असेल तर ती आज्ञा, ‘तेरेद’ असेल तर विशेषण. वेबलेट या ऑनलाइन भाषांतराच्या साधनाच्या सेटिंगमध्ये कन्नड ही दुय्यम भाषा म्हणून निवडा, म्हणजे तिचं भाषांतर तिथल्या तिथे दिसेल. मात्र कन्नडवाल्यांचीही चूक होऊ शकते. शंका उरली तर प्रोग्राम उघडून ते बटण दाबून बघा.

शब्द निवडताना घरातली माणसं डोळ्यांसमोर ठेवा. ‘काय करूलालास?’ म्हणणाऱ्यालाही डाउनलोडसाठी ‘उतरवून घेत आहे’ कळतं. ‘अधोभारण’ कळत नाही.

सर्वात जास्त चुका विभक्तीत होतात. वाक्यात टक्क्याचं चिन्ह आणि एस असेल, तिथे प्रोग्राम आयत्या वेळी नाव घालतो, आणि त्या नावाचं सामान्यरूप होत नाही. प्रत्यय थेट जोडला की ‘कागदपत्रेमधून काढा’ असं काहीतरी उमटतं. त्यावर उपाय म्हणजे प्रत्यय आपल्या शब्दाला लावणं: ‘कागदपत्रे’ या फोल्डरमधून काढा. अशा खुणा दोन असतील आणि मराठीत त्यांचा क्रम उलटत असेल, तर प्रत्येकीत टक्क्यापुढे क्रमांक आणि डॉलरचं चिन्ह घाला. नाहीतर नावाच्या जागी आकडा येईल, किंवा प्रोग्राम कोसळेलही.

लिपीतही एक सापळा आहे. ‘ॲप’मधला ॲ २००८ साली युनिकोड या संगणकावरच्या लिप्यांच्या प्रमाणाच्या ५.१ आवृत्तीत स्वतंत्र अक्षर म्हणून आला. त्याआधीचे लोक अ-वर चंद्र देत, अजूनही देतात. दिसायला सारखंच, पण शोधताना एक रूप दुसऱ्याला सापडत नाही. ‘दुसऱ्या’चंही तेच: कुणी ऱ वापरतं, कुणी र्-पुढे अदृश्य जोडचिन्ह घालतं. स्वतंत्र ॲ आणि ऱ हीच रूपं ठरवा आणि जुन्या फाइलींमध्ये एकदाच शोधून बदला.

कामाची वाटणी गावावर करू नका, प्रोग्रामवर करा. दोघांची जोडी लावा: आठवड्याला चाळीस-पन्नास वाक्यं एकाने करायची, दुसऱ्याने तपासायची. आपलं भाषांतर आपणच मंजूर करायचं नाही, कितीही जुना सदस्य असो. पाठवण्याआधी एमएसजीएफएमटीची तपासणी चालवा. फाइलीच्या सुरुवातीची, अनेकवचनाचा नियम सांगणारी शीर्षओळ राहिली असेल किंवा टक्क्याची खूण गळाली असेल, तर ती तिथेच पकडली जाते. बटणाच्या कडेला वेलांटी-मात्रा कापली जातेय का, हे मात्र प्रोग्राम चालवूनच कळतं.

तारखांचा हिशेब उलटा मांडा. ग्नोम या मुक्त डेस्कटॉपच्या आवृत्त्या मार्च आणि सप्टेंबरमध्ये येतात आणि त्याआधी मूळ वाक्यं गोठवली जातात, म्हणजे ती बदलणं थांबतं. जोड्यांचा मोठा फेरा वाक्यं गोठल्यानंतरच्या काळात ठेवा. त्याआधी केलेलं तपासकाम वाक्य बदललं की पुन्हा फझीत जातं.