डायलिसिसचे पहिले तीन महिने: ताटात काय वाढायचे, आणि अल्ब्युमिन चढत नसेल तर कुठे बघायचे

डायलिसिस सुरू झालेल्या माणसाला सगळ्यात जास्त धोका पहिल्या तीन महिन्यांत असतो, आणि नेमक्या याच काळात घरोघरी जुनेच पथ्य चालू असते. आहारतज्ज्ञ म्हणून मी हे रोज बघते.

आधी तो जुना पथ्याचा कागद फाडून टाका. डायलिसिसपूर्वी प्रथिने वजनाच्या किलोमागे रोज ०.६ ग्रॅमच्या आसपास ठेवायला सांगतात. डायलिसिस लागले की १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ६० ते ७२ ग्रॅम. एका हिमोडायलिसिसमध्येच (यंत्रातून रक्त शुद्ध करताना) ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिनांचे घटक, निघून जातात. "डाळ, अंडी बंद करा, नुसती पेज द्या" असे सांगणाऱ्यांचे कृपा करून ऐकू नका.

ताट अवघड नाही. अंड्याच्या एका पांढऱ्यात साडेतीन ग्रॅम प्रथिने असतात आणि फॉस्फरस नावाला. मासे, चिकन, मुगाचे धिरडे, पनीर हे मापात. भाज्या चिरून भरपूर पाण्यात उकळा, पाणी ओतून द्या. जेवणातला फॉस्फरस बांधून ठेवणारी गोळी घासाबरोबरच. 'कमी सोडियमचे' मीठ नको, त्यात पोटॅशियम असते आणि ते रक्तात साठते. कमरख, म्हणजे चांदणीसारखे काप पडणारे फळ, एक फोडसुद्धा नको. डायलिसिसच्या दिवशी उपाशी येऊ नका.

आता खरी अडचण. सगळे खाऊनही अल्ब्युमिन, म्हणजे यकृत बनवते ते रक्तातले मुख्य प्रथिन, चढत नाही.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत एका काकांचे अल्ब्युमिन २.८ वर अडकले होते. मी दोनाचे चार पांढरे केले, चाराचे सहा. काकूंना रागावलेही. त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, "मॅडम, सगळं करून देते हो, पण यांना घासच गिळवत नाही." पुढे एकदा सिस्टरने डायलिसिससाठी मानेत घातलेल्या नळीचे ड्रेसिंग उघडले तर कडेला पू होता. नळी बदलली, अँटिबायोटिक झाले, आणि काही दिवसांत काकांनी आपणहून भाकरी मागितली. काकूंना बोललेले शब्द मला अजून टोचतात.

अंगात कुठेतरी दाह (इन्फ्लमेशन) धुमसत असला की यकृत अल्ब्युमिन बनवणे कमी करते आणि सीआरपी नावाचे, दाहात वाढणारे प्रथिन बनवू लागते. भूक मरते, स्नायू झिजतात. अशा वेळी अंडी वाढवून भागत नाही. दाह म्हणजे पायावरची सूज नव्हे. तो बाहेरून दिसेलच असे नाही.

म्हणून अल्ब्युमिन ३.५ च्या खाली असेल तर डॉक्टरांकडे सीआरपीच्या तपासणीचा आग्रह धरा. ती वाढलेली असेल तर शोध सुरू करा: मानेतली नळी, किडलेली दाढ, सुजलेल्या हिरड्या, मधुमेह असेल तर तळपाय आणि बोटांच्या बेचक्या. नळी असलेल्या माणसाला डायलिसिस चालू असताना हुडहुडी भरून ताप आला तर ब्लँकेट देऊन गप्प बसू नका. रक्तात जंतुसंसर्ग आहे असेच धरून लगेच डॉक्टरांना बोलवा. फिस्टुलाचे (नळीऐवजी डायलिसिससाठी हातातली शीर आणि धमनी जोडण्याचे) ऑपरेशन "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून ढकलू नका; नळी जितकी जास्त दिवस, तितका धोका जास्त.

कारण सापडून उपचार झाले तरी आठवड्यात आकडा बदलेल अशी आशा धरू नका. अल्ब्युमिन रक्तात साधारण वीस दिवसांत निम्मे होते, म्हणून तपासणी महिन्याने करा. तोवर जेवण चालूच ठेवा. तीन वेळचे जेवण जात नसेल तर सहा वेळा थोडे थोडे द्या, पण घास सोडू नका.

शेवटचे वजनाचे. काट्यावर आकडा तोच दिसतो म्हणून घरचे निर्धास्त असतात, पण आतले मांस गेलेले असते आणि त्याची जागा पाण्याने घेतलेली असते. मनगटावरचे घड्याळ सैल होऊन कोपराकडे सरकू लागले, गालफडे बसली, तर ड्राय वेट, म्हणजे जास्तीचे पाणी काढल्यावरचे वजन, पुन्हा ठरवायला सांगा. जुन्याच ड्राय वेटवर पाणी काढत राहिले तर जास्तीचे पाणी अंगातच राहते, बीपी वाढते आणि रात्री आडवे झाले की धाप लागते.