दोन कॅमेरे जोडून थ्रीडी फोटो काढायचेत? माझा अनुभव

मी परभणीचा. दोन जुने कॅनन पॉवरशॉट कॅमेरे जोडून स्टिरिओ फोटो (डाव्या-उजव्या डोळ्यासाठी एकेक, मिळून थ्रीडी) काढतो, नवीन पोरं विचारायलेत म्हणून सगळं एकदाच लिहितो.

सुरुवातीला वाटायचं की दोन्ही बटणं दोन बोटांनी एकदम दाबली की झालं. हुरड्याच्या दिवसात शेतात तसे पन्नासेक फोटो काढले. घरी लाल-निळा चष्मा लावून बघतो तर आगटीचा धूर अन् मागच्या ज्वारीची पानं नुसती लुकलुकायलीत, कारण वाऱ्यानं हललेलं पान डाव्या फोटोत एकीकडं अन् उजव्यात दुसरीकडं, आणि समोर आत्यानं धरलेली हुरड्याची ओंजळ तर चक्क दोन दिसायली. लई वाईट वाटलं, कारण तो दिवस परत थोडाच येणार.

धुराची चूक वेळेची. त्यावर उपाय स्टिरिओडेटा मेकर, म्हणजे कॅननच्या कॅमेऱ्यात चालणारं सॉफ्टवेअर, फुकट आहे, पण सगळ्या मॉडेलवर चालत नाही, त्यामुळं कॅमेरे घ्यायच्या आधी बघा आणि दोन्ही एकाच मॉडेलचे घ्या. मेमरी कार्डवर टाकायचं, कार्डाचं छोटं लॉक सरकवायचं, मग यूएसबी वायरीतून करंट देऊन तोडला की दोन्ही शटर सोबत पडतात. टेस्ट घ्यायची तर टेबलफॅनच्या एका पात्याला रंगीत टेप लावा, फ्लॅश बंद, शटर फास्ट. फॅन मिनिटाला 300 फेरे घेत असला तर एका मिलिसेकंदात पातं जवळपास 2 अंश सरकतं, म्हणजे दोन फोटोतला फरक मोजला की झालं.

ओंजळीची चूक अंतराची. सगळ्यात जवळची वस्तू जितकी लांब, त्याच्या तिसाव्या भागाइतकं अंतर दोन लेन्समधी ठेवायचं. आपले डोळे साधारण 6.5 सेंमीवर, पण दोन कॅमेरे शेजारी लावले की लेन्स 10 सेंमीवर जातात, म्हणजे 3 मीटरच्या आत काही येऊ द्यायचं नाही. आत्या जेमतेम तीन फुटांवर होती! जवळचं अन् न हलणारं असेल तर एकच कॅमेरा सरकवून दोन फोटो घ्या.

कॅमेरे बसवायची पट्टी अॅल्युमिनियमची, बोल्ट पाव इंची. झूम, व्हाइट बॅलन्स, एक्स्पोजर दोन्हीकडं सेम. वरखाली थोडं झालं तर कॉम्प्युटरवरचं स्टिरिओफोटो मेकर हे सॉफ्टवेअर सरळ करून देतं, वेळेचा फरक मात्र त्याला निघत नाही.

हात बसला की वेरूळला जा, मंगळवार सोडून. रॉबर्ट गिल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यानं 1860च्या दशकात अजिंठा-वेरूळचे स्टिरिओ फोटो काढलेत, म्हणजे हा नाद आपल्या भागात जुनाच. कैलास लेण्याच्या बाजूनं डोंगरावर चढा. वरून शिखर 30 मीटरवर असेल तर लेन्समधी 1 मीटर चालतो, वायर तेवढी लांब न्या. मी काढलेल्या फोटोत अख्खं देऊळ तळहातावर घेतल्यासारखं दिसतं, अंगणातले हत्तीसुद्धा.