विचर ३ खेळताय? या चुका टाळा

१९ मे २०१५ रोजी आलेल्या 'द विचर ३: वाइल्ड हंट'ला दहा वर्षं होऊन गेली, तरी नव्याने खेळायला घेणाऱ्यांचं गाडं अजूनही ठरलेल्या चार-पाच ठिकाणीच अडतं. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडने आंद्झेई सापकोव्स्की यांच्या कादंबऱ्यांवरून हा गेम बनवला. गेमची कथा कादंबऱ्या संपतात त्यानंतरची आहे, पण राक्षसांची शिकार करणाऱ्या गेराल्टचा धंदा तोच राहिलाय: गावकऱ्यांशी घासाघीस करून रक्कम ठरवायची, माग काढायचा, समोर कोण आहे ते ओळखायचं, तेल आणि औषध तयार ठेवायचं आणि मग तलवार उपसायची. नवखा खेळाडू शेवटच्या पायरीपासून सुरुवात करतो. तहान लागल्यावर विहीर खणायचाच हा प्रकार, आणि खालच्या बहुतेक चुका त्यातूनच निघतात.

पॉइंट दिला, पण स्किल लावलंच नाही

सगळ्यात जास्त आढळणारी चूक हीच. लेव्हल वाढली की एक पॉइंट मिळतो, तो एखाद्या स्किलला दिला की काम झालं असं वाटतं. प्रत्यक्षात ते स्किल कॅरेक्टर स्क्रीनच्या उजव्या बाजूच्या स्लॉटमध्ये उचलून ठेवेपर्यंत त्याचा शून्य उपयोग. मूळ गेममध्ये असे १२ स्लॉट आहेत आणि ते ३० व्या लेव्हलपर्यंत टप्प्याटप्प्याने उघडतात. त्यामुळे सुरुवातीला दहा वेगवेगळ्या स्किल्सना एकेक पॉइंट वाटत बसलात, तर त्यातली निम्मी नुसती पडून राहतात. चार-पाच स्किल्स निवडा आणि तीच पक्की करा.

या स्लॉटच्या शेजारी म्युटाजेनच्या, म्हणजे राक्षसांकडून मिळणाऱ्या शक्तिवर्धक पदार्थांच्या, चार जागा असतात. त्या ३, ९, १६ आणि २८ व्या लेव्हलला उघडतात. एका म्युटाजेनला तीन स्किल्स जोडलेली असतात आणि रंग जुळला की म्युटाजेनचा फायदा वाढतो. लाल रंग लढाईचा, निळा साइन्सचा (गेराल्टच्या छोट्या जादू), हिरवा अल्केमीचा (औषधं, तेलं, बॉम्ब). लाल लेसर (खालच्या दर्जाचं) म्युटाजेन एकटं हल्ल्यात ५ टक्के वाढ देतं. शेजारी तिन्ही लाल स्किल्स लावली की हाच आकडा २० वर जातो. लाल म्युटाजेनभोवती निळी स्किल्स लावून 'शत्रूला मार लागतच नाही' असं म्हणणारे बरेच सापडतात. एकाच रंगाची तीन लेसर म्युटाजेन एकत्र करून वरच्या दर्जाचं एक बनवता येतं, तेव्हा ती विकू नका आणि मोडूही नका.

पॉइंट चुकीच्या जागी गेलेच असतील तर 'पोशन ऑफ क्लिअरन्स' घ्या. साधारण १००० क्राउन्सला (गेममधलं चलन) मिळतं. सगळे पॉइंट परत हातात येतात, सेव्ह मोडीत काढायची गरज नाही.

पॉइंटचा विषय निघालाच आहे, तर व्हाइट ऑर्चर्ड हा गेमचा पहिला प्रदेश घाईने सोडू नका. तिथे 'प्लेस ऑफ पॉवर' म्हणून ६ उभे दगड आहेत आणि प्रत्येकाकडून पहिल्यांदा शक्ती घेतली की एक पॉइंट फुकट मिळतो. म्हणजे सहा लेव्हलची कमाई एका छोट्या नकाशात.

औषधं जपून ठेवू नका

बाकी गेम्सची सवय असलेला माणूस औषधं 'मोठ्या लढाईसाठी' राखून ठेवतो आणि शेवटची लढाई संपली तरी पोतडी भरलेलीच असते. इथे हिशोब वेगळा आहे. औषध एकदाच बनवायचं. नंतर बॅगेत कडक दारूची एक बाटली ठेवून किमान तासभर मेडिटेट केलं की सगळी औषधं आणि बॉम्ब एकदम भरून निघतात. एका बाटलीत सगळं भरतं, प्रत्येक औषधाला वेगळी बाटली लागत नाही. अल्कोहेस्ट या कडक दारूच्या चार-पाच बाटल्या कायम जवळ असू द्या आणि दोन-चार क्राउन्ससाठी सरायवाल्याला दारू विकून टाकू नका.

पहिलं औषध 'स्वॉलो' करा, ते आरोग्य भरून काढतं. त्याला सेलँडाइनची ५ झुडपं, ड्राउनर या पाण्यातल्या राक्षसाचा १ मेंदू आणि १ बाटली ड्वार्व्हन स्पिरिट लागतं. सेलँडाइन रस्त्याच्या कडेने जागोजागी उगवतं, ड्राउनर नदीकाठी हवे तेवढे. एवढ्या सामानात तीन घोट कायमचे हाताशी येतात.

स्वॉलोची गरज किती, हे तुम्ही निवडलेल्या डिफिकल्टीवर ठरतं. खालच्या दोन पातळ्यांवर मेडिटेशन केलं की आरोग्य भरून येतं. 'ब्लड अँड ब्रोकन बोन्स' आणि 'डेथ मार्च'वर मात्र ते भरत नाही. रात्रभर बसून राहिलात तरी लाल पट्टी होती तिथेच. 'बग आहे का?' म्हणून विचारणाऱ्यांना दर वेळी हेच सांगावं लागतं. तिथे खाणं, स्वॉलो आणि अंगावर घाव पडण्याआधी टाकलेलं क्वेन (संरक्षक कवचाची साइन), याच तीन गोष्टी तारतात.

टॉक्सिसिटीचं, म्हणजे औषधांनी अंगात साठणाऱ्या विषाचं, गणित सोपं आहे. सुरुवातीची मर्यादा १००. स्वॉलो २० घेतं, डिकॉक्शन (जास्त वेळ टिकणारं जड औषध) ७०. म्हणजे एक डिकॉक्शन आणि वर एक स्वॉलो जमतं, दोन डिकॉक्शन जमत नाहीत. कडेला पोचलात की विषच आरोग्य खायला लागतं. अशा वेळी 'व्हाइट हनी' घ्या, पण तो विषाबरोबर चालू असलेल्या औषधांचा परिणामही पुसून टाकतो हे लक्षात ठेवा.

समोर कोण आहे ते आधी बघा

शत्रूच्या डोक्यावरची पट्टी लाल असेल तर पोलादी तलवार, राखाडी-चंदेरी असेल तर चांदीची. गेम बहुतेक वेळा बरोबर तलवार आपोआप काढतो, पण माणसं आणि राक्षस एकाच झुंडीत आले की गडबड होते. लांडगे, अस्वलं आणि कुत्री पोलादी तलवारीची गिऱ्हाइकं आहेत, हेही बरेच जण विसरतात.

व्हाइट ऑर्चर्डमधलं 'डेव्हिल बाय द वेल' हे काम म्हणजे या बाबतीतली पहिली खरी परीक्षा. ओसाड वस्तीतल्या विहिरीभोवती घुटमळणारी ही नूनव्रेथ नावाची भुताटकी अनेकांना दहा-दहा वेळा मारते. साध्या अवस्थेत ती धुरासारखी असते, तलवार आरपार गेल्यासारखी वाटते आणि तिची पट्टी केसभरच हलते. उपाय यर्डेन ही साइन. जमिनीवर वर्तुळ टाका, आतच उभे राहा आणि ती वर्तुळात शिरेपर्यंत तिच्या मागे धावू नका. आत आली की ती घट्ट होते, मंदावते. तेवढ्यात तीन-चार झटपट वार करून बाजूला सरा. मध्येच तिची तीन रूपं होतात आणि ती रूपं तुमच्याभोवती फिरत तिचं आरोग्य भरून काढतात. अशा वेळी घाबरून दूर पळालात तर मेहनत वाया. पुन्हा यर्डेन टाका आणि आधी ती रूपं उडवा. चांदीच्या तलवारीला स्पेक्टर ऑइल लावलेलं असेल तर काम अर्ध्या वेळात होतं. साध्या तेलाचे २० वार टिकतात आणि तेल एकदा बनवलं की पुन्हा साहित्य लागत नाही, म्हणून ते प्रत्येक लढाईआधी लावण्यात कंजूषपणा नको.

चुकवण्याची दोन बटणं आहेत, त्यांचा फरकही समजून घ्या. पीसीवर ऑल्ट दाबलं की गेराल्ट शत्रूच्या जवळच राहून बाजूला सरतो, लगेच उलटा वार करता येतो. स्पेस दाबलं की लांब कोलांटी जाते. सतत कोलांट्या मारणाऱ्याला वार करायची संधीच मिळत नाही. कोलांटी फक्त अवाढव्य राक्षसाच्या झेपेपुरती ठेवा. गेराल्टची पावलं जड वाटत असतील तर सेटिंग्जमध्ये मूव्हमेंट रिस्पॉन्स 'ऑल्टरनेटिव्ह' करा.

दोन बारीक गोष्टी: राक्षसांची बिळं इग्नीने (आगीच्या साइनने) जळत नाहीत, त्यांना ग्रेपशॉट किंवा डान्सिंग स्टार बॉम्बच लागतो. आणि पाण्याखाली तलवार चालत नसली तरी क्रॉसबो तिथे भयंकर चालतो, ड्राउनर एका बाणात गार होतो.

क्वेस्टचा क्रम

लेव्हल वाढवणारा अनुभव मुख्यतः क्वेस्टमधून (सोपवलेल्या कामगिऱ्यांमधून) मिळतो. राक्षस मारत बसून लेव्हल वाढवायची धडपड फुकट आहे. मुख्य कथेत वेलेनला साधारण ५, नोव्हिग्राडला १० आणि स्केलिगेला १६ व्या लेव्हलला पोचावं असा हिशोब आहे. शत्रूच्या नावाशेजारी कवटी दिसली तर सरळ माघारी फिरा. उलट, तुमच्यापेक्षा ६ किंवा जास्त लेव्हल खालच्या क्वेस्टचं नाव राखाडी होतं आणि त्यातून नाममात्र अनुभव मिळतो, तेव्हा जवळची छोटी कामं साठवून ठेवण्यातही अर्थ नाही.

खरा धोका 'द आइल ऑफ मिस्ट्स' या मुख्य क्वेस्टचा. ती सुरू केली की नोव्हिग्राड आणि वेलेनमधल्या मित्रांच्या बऱ्याच क्वेस्ट्स कायमच्या बाद होतात, आणि पुढच्या मोठ्या लढाईत मदतीला कोण येणार हेही त्यांच्यावरच ठरतं. जादूगारीण कीरा मेट्झची कामं, ट्रिसची 'नाउ ऑर नेव्हर', राजकारणातल्या 'अ डेडली प्लॉट' आणि 'रेडानियाज मोस्ट वॉन्टेड' हे सगळं त्याआधी उरका. त्या लढाईनंतर येणारी राजकारणाची 'रीझन ऑफ स्टेट' उघडण्यासाठी या दोन्ही आणि लढाईनंतरचीच 'ब्लाइंडिंगली ऑब्व्हियस' पूर्ण असाव्या लागतात. 'ब्लाइंडिंगली ऑब्व्हियस'मध्ये माजी हेरप्रमुख डाइक्स्ट्रा वाट अडवतो तेव्हा त्याला जोरात ढकलण्याचा पर्याय दिसतो. हात शिवशिवले तरी तो निवडू नका, त्या एका धक्क्यात 'रीझन ऑफ स्टेट' हातची जाते.

गेम सुरू करताना विचर २ च्या सेव्हचं सिम्युलेशन चालू ठेवा. मग विझिमामध्ये दाढी करता करता तुम्हाला जुन्या घटनांबद्दल विचारलं जातं. तिथे मागच्या गेममधल्या लेथोला जिवंत सोडल्याचं सांगितलंत तर पुढे 'घोस्ट्स ऑफ द पास्ट' मिळते आणि एक तगडा साथीदार जोडता येतो.

ट्रिस आणि येनेफर या दोघी जादूगारणींनाही प्रेमाची कबुली देऊन दोन्ही डगरींवर हात ठेवणाऱ्याचं काय होतं ते इथे सांगत नाही. कादंबऱ्या वाचलेल्यांना फार नवल वाटणार नाही. गेराल्टची मानसकन्या सिरी हिच्या बाबतीत मात्र एवढं लक्षात घ्या: शेवट ठरतो तो तिच्याशी झालेल्या लहान, बिनमहत्त्वाच्या वाटणाऱ्या प्रसंगांमधून. तिच्या वाटचे निर्णय तिच्यासाठी घेऊ नका.

पैसा आणि ओझं

तलवारी लोहाराला विका, सरायवाला त्यांचे पडेल भाव देतो. ओरेन आणि फ्लोरेन ही नाणी दुकानात चालत नाहीत. नोव्हिग्राडच्या विव्हाल्डी बँकेत बदलून घ्या. ओझ्याची मूळ मर्यादा ६० आहे आणि घोड्याच्या खोगीरपिशव्या ती ३० पासून १०० पर्यंत वाढवतात, म्हणून चांगल्या पिशवीवर खर्च करायला मागेपुढे पाहू नका. ग्रिफिन, कॅट, बेअर किंवा वुल्फ या विचर स्कूलच्या संचातला एकही तुकडा विकू नका. वरच्या दर्जाचा तुकडा खालच्याच तुकड्यावर चढवून बनतो. तो विकला असेल तर सगळं साहित्य पुन्हा जमवावं लागतं. स्केलिगेच्या समुद्रातली सगळी प्रश्नचिन्हं उघडायचा नाद तर मुळीच करू नका. तिथे खारं पाणी, सायरन आणि त्याच त्या पेट्या एवढंच आहे.

ग्वेंटमध्ये, म्हणजे गेममधल्या पत्त्यांच्या खेळात, हरत असाल तर डेक जाड झालेला असतो. किमान २२ युनिट पत्ते लागतात, तेवढेच ठेवा. हातात १० येतात, २ बदलता येतात, त्यामुळे डेकमधला प्रत्येक फालतू पत्ता चांगल्या पत्त्याची जागा अडवतो. स्पाय पत्ते सढळ हाताने खेळा: गुण समोरच्याला जातात, पण तुम्हाला दोन नवे पत्ते मिळतात. समोरच्याने तुमच्या बाजूला टाकलेला स्पाय 'डिकॉय' हा पत्ता वापरून उचला आणि त्याच्यावरच उलटवा.

पीसीवर गेम अडखळतोय

१४ डिसेंबर २०२२ च्या ४.०० अपडेटनंतर लाँचरमध्ये डायरेक्टएक्स ११ आणि १२ असे दोन पर्याय आले. रे ट्रेसिंग (प्रकाश-सावल्यांचा खास इफेक्ट) १२ मध्येच आहे आणि मध्यम ग्राफिक्स कार्डाचा दम तिथेच निघतो. आधी रे ट्रेसिंग बंद करून बघा, नंतर हेअरवर्क्स (केसांचा खास इफेक्ट), मग पार्श्वभूमीतल्या माणसांची संख्या. तरीही झटके बसत असतील तर सरळ ११ वर या. दोन्हींच्या सेटिंग्जच्या फाइल्स वेगळ्या असतात, म्हणून एकीकडे केलेला बदल दुसरीकडे दिसला नाही तर बुचकळ्यात पडू नका.

अपडेटनंतर सुरू होतानाच स्क्रिप्ट कंपाइलेशनची चूक दाखवून गेम बंद होत असेल, तर दोष बहुतेक जुन्या मॉड्सचा (खेळाडूंनी बनवून गेममध्ये घातलेल्या बदलांचा) असतो. स्टीममधून फाइल्स व्हेरिफाय करून हे सुटत नाही, कारण व्हेरिफाय करताना मॉड्सच्या फोल्डरला हातही लागत नाही. गेमच्या फोल्डरमधल्या 'मॉड्स' फोल्डरचं नाव बदला आणि गेम चालतो का ते बघा. चालला, तर एकेक मॉड परत टाका आणि दोन मॉड्स एकाच स्क्रिप्टला हात घालत असतील तर स्क्रिप्ट मर्जर हे टूल वापरा. मॉड चालतोय पण त्याचा मेनू दिसत नाही, अशी तक्रार असेल तर डीएक्स११ आणि डीएक्स१२ च्या फाइललिस्टमध्ये त्या मॉडच्या एक्सएमएल फाइलचं नाव घातलंय का ते तपासा.

क्वेस्ट पुढे सरकत नाही, कोणी बोलतच नाही, असं झालं तर दुसरी क्वेस्ट ट्रॅक करा, दूरच्या साइनपोस्टवर फास्ट ट्रॅव्हल करून एक-दोन दिवस मेडिटेट करा आणि परत या. त्यानेही सुटलं नाही तर मागचा सेव्ह. इथेच फक्त ऑटोसेव्हवर विसंबलेला माणूस फसतो, कारण त्याच्याकडे अडकल्यानंतरचेच सेव्ह उरलेले असतात. प्रत्येक मोठ्या क्वेस्टआधी हाताने वेगळा सेव्ह करा. सेव्ह डॉक्युमेंट्समधल्या 'द विचर ३' फोल्डरात, 'गेमसेव्ह्ज'मध्ये असतात. वनड्राइव्हने डॉक्युमेंट्स फोल्डर स्वतःकडे ओढलं असेल तर सेव्ह तिथे शोधा, आणि अपडेट किंवा मॉड टाकण्याआधी अख्खं फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर कॉपी करून ठेवा.