कवितेवरून तक्रार झाली, तर कवीच्या पाठीशी कसे उभे राहावे

कवितेवरून वादळ उठल्यावर पहिल्या दोन दिवसांत काय करायचे, याची उजळणी पुण्यात काव्यवाचनाचे कार्यक्रम घेणाऱ्या प्रत्येकाने आधीच करून ठेवावी, कारण ऐन वेळी डोके शांत राहत नाही. सर्वप्रथम ती कविता संपूर्ण वाचावी. ज्या स्वरूपात ती सादर किंवा प्रसिद्ध झाली, त्याच स्वरूपातील प्रत तारखेसह जपून ठेवावी आणि कार्यक्रमाचे चित्रीकरण असल्यास तेही न कापता ठेवावे. तक्रारी बहुधा मोबाइलवर फिरणाऱ्या दोन ओळींवर होतात आणि त्या ओळींच्या मागेपुढे काय होते, हे दाखवण्याची वेळ शेवटी आपल्यावरच येते.

कविता आवडलीच पाहिजे, अशी अट स्वतःला घालू नये. कवीच्या पाठिंब्याच्या निवेदनावर सह्या घेताना ज्यांना ती कविता रुचलेली नाही, अशांकडे आधी जावे. ‘या कवितेशी आमचे मतभेद आहेत, तरीही तिच्यासाठी कवीवर गुन्हा दाखल होऊ नये’ हे त्यांच्या सहीनिशी आलेले वाक्य चाहत्यांच्या शंभर सह्यांपेक्षा वजनदार ठरते. सत्तेत कोणता पक्ष आहे, याचा उल्लेख निवेदनात नसावा. मात्र कवितेत कोणावर हल्ला करण्याची थेट चिथावणी असेल, तर तिची बाजू घेता येत नाही, हेही आपसात स्पष्ट बोलून घ्यावे.

बहुतेक दडपण कायद्याच्या वाटेने येतच नाही, ते फोनवरून येते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चार वाजता सभागृहाच्या व्यवस्थापकांनी आम्हाला बोलावून घेतले. ‘वरून फोन आलाय, आजचा कार्यक्रम तेवढा पुढं ढकला,’ असे ते म्हणाले. आम्ही कारण लेखी मागितले. त्यांनी संस्थेचे लेटरहेड काढले, वर तारीख घातली, आमचे नाव लिहिले आणि पुढे काय लिहावे हे न सुचून पेन खाली ठेवले. कार्यक्रम साडेसहाला सुरू झाला. म्हणून तोंडी नकार कधीही स्वीकारू नये. भाड्याची पावती जवळ ठेवावी, पोलीस ठाण्याला आधीच पत्र देऊन बंदोबस्त मागावा आणि त्या पत्राची सही-शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय तेथून हलू नये. निदर्शनांची धमकी हे अभिव्यक्ती दडपण्याचे कारण होऊ शकत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एस. रंगराजन या चित्रपटाविषयीच्या प्रकरणात 1989 सालीच सांगितले आहे. त्या निकालाचा उल्लेख पत्रात जरूर करावा.

प्रकरण गुन्ह्यापर्यंत गेलेच, तर वकील पहिल्याच दिवशी गाठावा. अशा वेळी बहुधा भारतीय न्याय संहितेची 196 (समाजगटांत तेढ पसरवणे) आणि 299 (धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे) ही कलमे लावली जातात. या दोन्ही कलमांखाली शासनाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय न्यायालय खटल्याची दखल घेऊ शकत नाही. त्याही आधीचा टप्पा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(3) मध्ये आहे: तीन वर्षे ते सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत पोलीस वरिष्ठांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करू शकतात. कवी आणि खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावर एका कवितेवरून गुजरातमध्ये नोंदवलेला गुन्हा 28 मार्च 2025 रोजी रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने म्हटले की, अशा प्रकरणांत आधी ही चौकशी करणेच योग्य, आणि शब्दांचा परिणाम खंबीर मनाच्या माणसाच्या निकषावर जोखावा, सतत असुरक्षित वाटणाऱ्याच्या नव्हे. या निकालाची प्रत सोबत घेऊनच ठाण्यात जावे.

शब्द मागे घेण्याचा किंवा माफीचा दबाव येईल, तेव्हा वसंत दत्तात्रेय गुर्जर यांची ‘गांधी मला भेटला’ ही कविता आठवावी. बँक कर्मचाऱ्यांच्या एका नियतकालिकात 1994 मध्ये ती छापली गेली आणि तक्रार पुण्यातच झाली. माफी मागितलेल्या प्रकाशकाला सर्वोच्च न्यायालयाने मे 2015 मध्ये मोकळे केले, पण त्याच निकालाने कवीला खटल्याला सामोरे जाण्यास सांगितले. प्रकाशकाला मी दोष देत नाही, पण संपादक, आयोजक आणि कवी यांनी आपली भूमिका पहिल्याच बैठकीत एकत्र ठरवली नाही, तर कवी एकटा पडतो, हे मला या प्रकरणातून फार खोलवर जाणवले.

पुस्तकच सरकारजमा करण्याची अधिसूचना निघाली, तर उच्च न्यायालयात अर्ज करण्यास दोन महिन्यांची मुदत असते आणि तो तीन न्यायमूर्तींच्या विशेष खंडपीठापुढे चालतो. पुणेकरांना त्यासाठी मुंबईला जावे लागते, म्हणून प्रवासखर्च आणि वकिलाची फी यांसाठी वर्गणीची वही लगेच सुरू करावी. शिवाजीनगर न्यायालयातल्या तारखा वर्षानुवर्षे चालतात. प्रत्येक तारखेला कवीबरोबर कोण जाणार, त्याचा डबा कोण आणणार आणि संध्याकाळी त्याला घरी कोण सोडणार, हे त्याच वहीत नावानिशी लिहून ठेवावे.